हातचा एक

पहाटे अडीचला नगरपालिकेची पांढरी व्हॅन
बुइकीच्या चर्चसमोर उभी राहते.
आई रुआनला चादरीत गुंडाळून पुढे,
मागे मी, त्याची घडीची खुर्ची, डायपरांची पिशवी
आणि निळी फाइल.
फाइल त्याच्यापेक्षा वर्षभराने धाकटी,
पण अंगाने त्याच्याहून भरली.

कारुआरूच्या कार्यालयात डॉक्टर विचारतात, मान खालीच,
"दोन वर्षांत काही बदल?"
आईला खोटं जमत नाही. ती आठवून सांगते,
"हो. आता पावलं ओळखतो.
हिच्या चपला वाजल्या की हसतो."
डॉक्टर लिहितात : बदल नाही.
आमच्या सोयीचंच लिहिलं होतं.
तरी पेस्केइरा येईपर्यंत आई बोलली नाही.

मग मला अठरावं लागलं,
सेउ ओताविओच्या बेकरीत अर्ध्या पाळीची नोकरी लागली,
आणि पहिल्या पगारात मी रुआनला टेबलफॅन आणला.
पात्याकडे बघत तो दुपारभर गप्प पडून राहायचा.

चौथ्या महिन्यात पत्र आलं.

खिडकीमागची दोना ज़ुलेइदे, बाई वाईट नव्हती.
कागद आमच्याकडे फिरवून तिने पेन्सिलीने
भागाकार करून दाखवला, जसा पोराला दाखवावा.
वर माझा पगार. खाली तीन माणसं.
उत्तर रेषेच्या वर गेलं,
बेचाळीस रेआलनी.
बेचाळीस रेआलनी आम्ही सुखवस्तू निघालो.

आईने विचारलं, "त्याचा बाप धरला तर? चार होतील."
"घरात राहतो?"
"साओ पाउलोला गेला. सहा वर्षं झाली."
"न राहणारा धरता येत नाही, बाई."
"आणि राहणारी?" मी विचारलं.
तिने चष्मा काढला, साखळीवर लोंबू दिला.
"राहणारी सोडता येत नाही."

शाळेत गुरुजी म्हणायचे,
बेरीज नवाच्या वर गेली की एक हातचा.
हातचा उत्तरात दिसत नाही,
पण विसरलात की सगळं गणित चुकतं.

मी बेकरीमागच्या खोलीत राहायला गेले.
खोटं नाही, खरंच गेले :
दोन पँटी, एक उशी, मैद्याच्या पोत्यांशेजारी खाट.
गल्लीत बोलले, पोरगी कुणाचा तरी हात धरून गेली.
आईने कुणाला दुरुस्त केलं नाही.
तपासनीस आली, तिने खाटा मोजल्या,
मोरीवरचे दात घासायचे ब्रश मोजले. दोन.
माझा मी आदल्या आठवड्यातच नेला होता,
घाईत झाकण तेवढं विसरले होते. ते तिने उचललं,
बघितलं, परत ठेवलं.
देव तिचं भलं करो.

पैसे सुरू झाले सांत जुआंवच्या शेकोट्या विझल्यावर.
मधल्या अकरा महिन्यांचे मिळाले नाहीत.
पंखा विकला होता, तोही परत मिळाला नाही.

पाळी संपली की घरी जाते. जाण्याला मनाई नाही,
राहण्याला आहे.
कोमट पाण्यात रुआनच्या मुठी धरते,
एकेक बोट सोडवते, करंगळीपासून,
तळव्यात साचलेला मळ पुसते.
पुसून होतं न होतं तोच मूठ मिटते
आणि माझं एक बोट आत राहतं.
बराच वेळ राहतं.
भट्टीची वेळ होते, आई म्हणते, सोड रे तिला.

येत्या मार्चला पुन्हा व्हॅन.
आई आत्तापासून सराव करते आहे.
कुस्कूस वाफेला लावताना, भिंतीकडे तोंड करून,
हलक्या आवाजात :
"नाही, डॉक्टर. काही बदल नाही.
काहीसुद्धा"

आणि परसात माझ्या चपला वाजतात.